गो. मर्फी

आमच्या जावईबापूंचे पणजोबा मोठे क्रिकेटपटू होते, ही माहिती लग्न ठरायच्या वेळी उघड झाली. मुलगा आयर्लंडचा, किल्केनी काउंटीतला. शिक्षण चांगलं, नोकरी कायम, स्वभाव गरीब, पत्रिका नाही. अशा स्थळाने होणाऱ्या सासऱ्यापुढे काहीतरी जवळचं मांडावं, हे त्याला माझ्या मुलीनेच पढवलेलं असणार. व्हिडिओ कॉलवर त्याने आधी पाठ केलेली दोन मराठी वाक्यं म्हटली आणि मग इंग्रजीत सांगितलं, "बाबा, आमचे पणजोबा जबरदस्त बॅट्समन होते. त्यांनी मारलेला बॉल एकदा थेट नोअर नदीत गेला होता."

सौ.ने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कागद आहे का?"

इलाज नाही. माझी उभी हयात जालना जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात गेली. 'ही जमीन आमच्या आज्याची' हे वाक्य रोज टेबलावर यायचं, आणि पुष्कळदा एकाच जमिनीबद्दल दोन वेगळ्या आज्यांच्या नातवांकडून. फेरफार दाखव, वारस नोंद दाखव, नसेल तर बाहेर बाकावर बस. निजामाच्या वेळचे उर्दू कागद आणि मोडीतली दप्तरं उलगडता उलगडता डोळे अधू झाले, पण सवय शाबूत राहिली. निवृत्तीनंतर कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना तहसिलात अचानक खुर्ची आणि चहा मिळू लागला. तो चहा मीही प्यायलो आहे. त्यामुळे कुणाच्या पणजोबांनी बॉल नदीत मारला असं कानावर आलं, की माझी नजर आधी कागद शोधते.

पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही तिकडे गेलो. बाळंतपणात आजीला चोवीस तास काम असतं आणि आजोबांना अजिबात नसतं. "अहो, जरा बाजूला व्हा" हे ऐकत मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. शेवटी जावईबापूंनाच दया आली. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहाची वर्गणी भरली, लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि मी पणजोबांची फाइल उघडली.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. किल्केनीच्या बाजारात उभं राहून ते नाव पुकारलं तर निम्मा बाजार मागे वळेल. आपण त्यांना मर्फी म्हणू. आमच्या पिढीला मर्फी म्हटलं की रेडिओ आठवतो आणि रेडिओ म्हटला की क्रिकेटची कॉमेंट्री, तेव्हा नाव शोभून दिसतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या घरात तीन पिढ्या क्रिकेटचा उच्चारही झाला नव्हता. किल्केनी म्हणजे हर्लिंग. लाकडी काठ्या घेऊन दोन्हीकडच्या पंधरा-पंधरा माणसांनी एका लहानशा चेंडूमागे धावायचं, आणि चेंडू जमिनीवर असो की डोक्याच्या उंचीवर, काठी फिरवायचीच. एवढं असून हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं 2010 मध्ये. अखिल आयर्लंडचं अजिंक्यपद किल्केनीने 36 वेळा जिंकलं आहे, इतकं दुसऱ्या कुठल्याच काउंटीने नाही. जावयांच्या दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांचं हर्लिंगचं पदक चौकटीत लावलेलं आहे. पणजोबांचं क्रिकेट मात्र तमाशाच्या फडाबरोबर निघून गेलेल्या काकांसारखं घराने झाकून ठेवलेलं.

त्याला कारण होतं. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन काढली. हेतू असा, की इंग्रजांचे खेळ मागे पडावेत आणि आपले पुढे यावेत. क्युसॅक स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेले होते, पण चळवळी काढणाऱ्यांना तेवढी सूट सगळीकडेच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून असोसिएशनने पक्की बंदी घातली: क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी हे परके खेळ जो खेळेल त्याला हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलची दारं बंद. नुसतं बघायला गेलं तरी बंद. 1938 मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड आयर्लंड विरुद्ध पोलंड हा सॉकरचा सामना बघायला गेले, तर असोसिएशनने त्यांना आपल्या आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला! तिथे मर्फीची काय कथा? ही बंदी उठली 1971 मध्ये. म्हणजे आमच्याकडे वाडेकर वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून येत होते, त्या वर्षी किल्केनीच्या माणसाला क्रिकेट बघायची अधिकृत मुभा मिळाली.

आणि गंमत बघा, याच किल्केनीत 1896 च्या सुमारास क्रिकेटचे 50 च्या आसपास संघ होते. जमीनदाराच्या इस्टेटीवर मैदान असायचं. कोचमन, माळी, शिकारखान्याचा राखणदार, आजूबाजूची कुळं आणि धर्मगुरूचा मदतनीस असे अकरा जमायचे. एवढं सगळं पुढच्या पिढ्यांनी असं विसरून दाखवलं, की मायकेल ओड्वायर यांनी या काउंटीच्या क्रिकेटचा इतिहास लिहिला तेव्हा नावातच 'विसरलेला खेळ' म्हणावं लागलं. मर्फींच्या घरातही तेच. भारतीय मुलगी घरात येणार म्हटल्यावर मात्र क्रिकेट लाजेच्या रकान्यातून उचलून अभिमानाच्या रकान्यात घेण्यात आलं. फेरफार मंजूर.

आता, बॅट्समन सिद्ध करण्याआधी माणूस सिद्ध करावा लागतो. इथे आमच्या खात्यातल्या कुणाचंही काळीज हलेल अशी परिस्थिती निघाली. आमच्या दप्तराचे शत्रू म्हणजे उंदीर, वाळवी आणि गळकं छप्पर. आयर्लंडच्या दप्तराला यादवी युद्ध नडलं. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतींत सरकारी अभिलेखागार होतं. 30 जून 1922 रोजी तिथे स्फोट झाला, आग लागली आणि शतकानुशतकांचे कागद जळून त्यांचे कपटे शहरभर उडाले. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 आणि 1871 चे सरकारने आधीच स्वतः नष्ट केले होते. 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात घातले. म्हणजे शत्रूने जाळलं ते एकदा, आणि कार्यालयाने आपल्या हाताने निकालात काढलं ते चारदा. हे वाचून परदेशात असल्यासारखं वाटेना.

उरल्या 1901 आणि 1911 च्या जनगणना. त्या मात्र कुटुंबप्रमुखाच्या सहीच्या कागदासकट संगणकावर फुकट बघता येतात. मर्फी सापडले: शेतमजूर, लिहिता-वाचता येतं, अविवाहित, घरात विधवा आई आणि एक भाऊ. आईचं वय 1901 मध्ये सत्तावन्न. 1911 मध्ये एकाहत्तर. दहा वर्षांत बाई चौदा वर्षांनी म्हातारी झाली. मला वाटलं दुसरीच कुणी असेल, पण नाही. 1908 मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि 1909 च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्यांना आठवड्याला रोख पैसे मिळू लागले. आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदच 1864 मध्ये सुरू झाली, म्हणजे सत्तरीच्या माणसाकडे दाखला असणं शक्य नव्हतं. साहजिकच देशभरातली मंडळी या दहा वर्षांत भराभर वयात आली. श्रावणबाळ योजनेच्या अर्जावरची वयं बघितलेला माणूस मी. त्या माउलीला मी मनोमन नमस्कार केला आणि पुढे गेलो.

चर्चची नोंदवही लॅटिनमध्ये निघाली. जॉनचा योआनेस, जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. मोडी वाचलेल्या माणसाला त्याचं भय नाही. भय वाटलं ते नावांच्या रिवाजाचं. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायचं, हे आपल्यासारखंच. पण आपण निदान मध्ये बापाचं नाव घालून नातवंडांची सोय करून ठेवतो. तिकडे चार भाऊ असले, की चौघांच्याही थोरल्याचं नाव एकच, आडनाव एकच, गाव एकच. वाटणीला एकच नाव आणि हिस्सेदार चार. अशा प्रकरणांवर आमचे मोजणीदार रजा टाकून घरी बसायचे.

एवढं झाल्यावर खरी तपासणी सुरू झाली. त्या काळात खेड्यातल्या मजुराचं नाव कागदावर यायला दोनच मार्ग होते, कोर्ट आणि क्रिकेट. मर्फी दोन्हीकडे आहेत. कोर्टात गाय रस्त्यावर मोकाट सोडल्याबद्दल दंड, आणि तिथे ते पूर्ण नावानिशी, गावानिशी, गायीनिशी हजर आहेत. क्रिकेटच्या धावफलकात मात्र नुसतं 'मर्फी'. आद्याक्षर नाही. संघात भाऊही आहे, तोही 'मर्फी'. चुलतभाऊ असावा असा संशय आहे, तोही अर्थात मर्फीच. एका डावात 'मर्फी धावचीत' अशा लागोपाठ दोन ओळी आहेत. खेळपट्टीवर दोघे भाऊ, थोरल्याने हाक दिली असणार, धाकट्याने ऐकली नसणार. मग थोड्या वेळाने धाकट्याने हाक दिली असणार आणि दुसऱ्या टोकाला तिसरा मर्फी असणार. घरी जाऊन काय झालं ते पेपरात नाही.

हे धावफलक पेपराकडे पाठवायचे क्लबचे सेक्रेटरी. त्यामुळे एक गोष्ट माझ्यासारख्याच्या लगेच लक्षात येते: छापलेल्या सामन्यांत संघ सारखा जिंकतच असतो. हरल्याचा कागद आपल्या हाताने लिहून, वर पदरचं तिकीट लावून कोण पोस्टात टाकील? आणि जे छापलं तेही संगणकाला धड वाचता येत नाही. जुना टाइप, शाई फुटलेली, पानाला घडी. मर्फीचे त्याने इतके अवतार केले आहेत, की नावाने शोधायचं सोडून मी पानं उलटायला घेतली. पान उलटण्यात मला कुणी हरवायचं नाही.

तर निकाल. मर्फी, त्रिफळाचीत, शून्य. मर्फी, झेलबाद, एक. मर्फी, त्रिफळाचीत, शून्य. मर्फी, नाबाद, शून्य (हा त्यातला चांगला दिवस). मर्फी, त्रिफळाचीत, चार. चार बघून मी उठून सौ.ला सांगायला गेलो. ती बाळाच्या टाळूला तेल लावत होती. म्हणाली, "चार शतकं?"

जावईबापूंचा चेहरा पाहवेना. मी त्यांना बसवून समजावलं, की आकडा असा उघडा वाचायचा नसतो. ती मैदानं म्हणजे मेंढ्या चरून गेलेलं रान. आख्खा संघ पंचवीस-तीस धावांत परतायचा, दहा धावा काढणारा गावात आठवडाभर मिरवायचा. आणि मोठ्यांचं तरी काय? आयर्लंडमधला नोंद असलेला सर्वांत जुना सामना 1792 चा, डब्लिनच्या फीनिक्स पार्कातला, लष्करी ठाणं विरुद्ध अखिल आयर्लंड. त्यात आयर्लंडकडून आर्थर वेस्ली नावाचा तरुण अधिकारी खेळला. पहिल्या डावात 5, दुसऱ्यात 1. संघ डावाने हरला. या वेस्लीने 1798 मध्ये आडनावाचं स्पेलिंग बदलून वेलस्ली करून घेतलं आणि 23 सप्टेंबर 1803 रोजी तो आमच्या जिल्ह्यात, असईला हजर झाला. दोन डावांत मिळून सहा धावांवर आटोपणारा हा माणूस असईत कुणाला आटोपेना. दौलतराव शिंद्यांकडे गोलंदाज कमी होते असं नाही, उत्तम होते, पण ते तोफांचे. पुढे वॉटर्लू जिंकून झाल्यावरही हा गृहस्थ आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेत असे. फीनिक्स पार्कातल्या त्या दोन डावांचा त्याने कुठे उल्लेख केल्याचं माझ्या वाचनात नाही.

"तो जनरल होता, बाबा," जावईबापू म्हणाले. "आमचे मजूर."

मग मी त्यांना बेकेट दिला. सॅम्युअल बेकेट, नाटककार. डब्लिन युनिव्हर्सिटीकडून 1925 आणि 1926 मध्ये नॉर्थहॅम्प्टनशरविरुद्ध दोन प्रथम श्रेणी सामने खेळला. चार डाव, 35 धावा, सरासरी 8.75. तेवढ्यावर प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेला एकमेव नोबेल विजेता म्हणून तो अमर आहे. ते नोबेल 1969 च्या ऑक्टोबरात मिळालं. त्याच वर्षी 2 जुलैला सायन मिल्स इथे आयर्लंडने वेस्ट इंडीजला 25 धावांत उखडलं होतं, एका वेळी 12 धावांत नऊ बाद. गुडविन सहा धावांत पाच बळी. कुठल्या तरी शाळेच्या नव्हे, कसोटी खेळणाऱ्या वेस्ट इंडीजला. तेव्हा आयरिश माणसाने बॅटिंगचा अभिमान धरावाच कशाला? हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच सुचलं. आपण इतका वेळ फळ्याच्या चुकीच्या अंगाला बघत होतो.

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी समोरच्या संघाचा डाव वाचत. आणि तिथे मर्फी! गो. मर्फी. गो. मर्फी. झेल कोचमन गो. मर्फी. पुन्हा गो. मर्फी. प्रतिपक्षाचा धर्मगुरू, प्रतिपक्षाचा डॉक्टर, प्रतिपक्षाच्या जमीनदाराचा ऑक्सफर्डहून सुटीवर आलेला मुलगा, सगळे गो. मर्फी. घराण्याने आपल्या माणसाला पिढ्यान् पिढ्या चुकीच्या खात्यावर चढवून ठेवलं होतं. भाऊ गोलंदाज नव्हता हेही सिद्ध झालं, कारण एका ठिकाणी चक्क 'झेल मर्फी गो. मर्फी' असं आहे, आणि आपल्याच गोलंदाजीवर आपण झेल घेतला तर तसं लिहायची पद्धत वेगळी आहे. म्हणजे झेल भावाचा. धावचीतचं भांडण तोवर मिटलेलं असावं.

1905 च्या पुढे मर्फी फलकावरून गडप होतात. त्यांच्या जागी शेवटच्या क्रमांकावर 'ए. एन. अदर' या गृहस्थांचं आगमन होतं. हे गृहस्थ इंग्लंड-आयर्लंडच्या सगळ्या धावफलकांत शंभर वर्षं खेळत आले आहेत, पण किल्केनीत बंदी आल्यानंतर त्यांचा फॉर्म जरा जास्तच चांगला दिसतो. रविवारी हर्लिंग मर्फीच्या नावावर आणि शनिवारी क्रिकेट अदरच्या नावावर. आमच्याकडे लोक जमीन बेनामी करतात. इथे माणसाने आपली गोलंदाजीच बेनामी केली होती. पुरावा? हाताशी नाही. पण ए. एन. अदर यांनीही त्रिफळाचीत शून्यच काढला आहे, हा परिस्थितिजन्य पुरावा मी फाइलला लावला.

राहता राहिली नदी. नोअरकाठच्या एका इस्टेटीवरचा सामना मला अखेर सापडला. पेपरवाल्याने सविस्तर लिहिलं आहे: चेंडू मैदान ओलांडून नदीत गेला, खेळ थांबला, टाळ्या झाल्या. सहा धावा. त्या काळी नुसती सीमारेषा ओलांडून षटकार मिळत नसे, चेंडू मैदानातूनच बाहेर जावा लागे. तेव्हा फटका अस्सल. मारणारा होता प्रतिपक्षाचा, ऑक्सफर्डचा मुलगा. गोलंदाज, मर्फी. घरच्यांनी गोष्ट अगदी नीट जपली होती, नदीसुद्धा बरोबर. फक्त पक्षकारांची अदलाबदल झाली होती.

ही कथा घरात ज्यांच्याकडून आली त्या जावयांच्या आत्या, ऐंशीच्या पुढच्या. आम्ही सगळे बाळाला दाखवायला त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चहा केला, सोडा ब्रेड कापला, बाळाच्या मुठीत नाणं ठेवलं. मी छापून नेलेला कागद पुढे केला. जावईबापू खिडकीबाहेर बघायला लागले. आत्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कागद उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं, आणि विचारलं, "एवढंच? नदीतून बॉल बाहेर कुणी काढला, ते यात नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"आजोबांनी. बुटांसकट उडी मारली. काठाकाठाने पळत गेले पुलापर्यंत, तिथे गाठला. परत आले आणि त्याच ओल्या बॉलवर त्या पोराची दांडी उडवली." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "पेपरवाला तेव्हा तंबूत जेवत असणार. घ्या, लिहून घ्या."

ऑक्सफर्डचा मुलगा त्या डावात गो. मर्फी झालेला आहे, हे मी मघाशीच बघून ठेवलं होतं. त्यामुळे जबाब फेटाळायला आधार नव्हता. मी कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं, खाली तारीख घातली, आत्यांची सही घेतली. साक्षीदार दोन लागतात. एक जावईबापू झाले, दुसरं कुणी मिळेना म्हणून सौ.ला बोलावलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं, सही केली आणि मग मला मराठीत विचारलं, "अहो, पण त्यांना पोहता येत होतं का?"